'बोर्ड गेलं' म्हणण्याआधी

संगणक दुरुस्तीच्या कुठल्याही दुकानात दिवसातून दहादा ऐकू येणारा हा संवाद. "काय झालंय?" "चालूच होत नाही." "स्क्रीनवर काय लिहून येतं?" "काहीतरी इंग्लिशमध्ये येतं, आणि जातं." त्या 'काहीतरी'तच निम्मं निदान असतं. ते सांगता आलं, तर दुरुस्ती करणारा नेमक्या जागी हात घालतो. नाही आलं, तर अंदाजाने सुरुवात होते. आणि सगळे अंदाज संपले की एकच निकाल उरतो, 'बोर्ड गेलं'.

तो निकाल कधीकधी बरोबरही असतो. पण स्क्रीनवर अक्षरं उमटत असताना कुणी तो देत असेल, तर दोन प्रश्न जास्त विचारायला हरकत नाही. अक्षर उमटायला प्रोसेसर जागा असावा लागतो, मेमरी लागते, डिस्प्लेचं सर्किट लागतं आणि या सगळ्यांना जोडणारा बोर्ड लागतो. 'हार्ड डिस्क सापडली नाही' असं वाक्य लिहिणारं यंत्र निदान ते वाक्य लिहिण्याइतकं तरी धडधाकट असतं.

चालू होताना आपल्याला काय काय जोडलेलं आहे, याची संगणकाला जवळजवळ काहीच कल्पना नसते. काल रात्री उशिरापर्यंत याच यंत्रावर काम झालं, हे त्याच्या गावीही नसतं. बोर्डावरच्या एका चिपमधला बायोस नावाचा छोटा प्रोग्रॅम उठतो आणि एकेकाला हाक मारत जातो. आजच्या यंत्रांत त्याची जागा यूईएफआयने घेतली आहे, पण बोलण्यात सगळे बायोसच म्हणतात. आधी प्रोसेसर, मग मेमरी, मग डिस्प्ले, मग कीबोर्ड, मग डिस्क. सगळ्यांनी ओ दिली की विंडोज किंवा लिनक्स असलेल्या डिस्ककडे कारभार सोपवून तो बाजूला होतो. या तपासणीला 'पॉवर-ऑन सेल्फ टेस्ट', म्हणजे 'पोस्ट' म्हणतात. क्रम साधारण ठरलेला असल्यामुळे, काय बिघडलं यापेक्षा यंत्र कुठवर पोचलं हे आधी पाहावं. कीबोर्डपर्यंत पोचून थांबलं असेल, तर मेमरीवर संशय घेण्यात अर्थ नाही.

आणि 'नॉट फाउंड' किंवा 'नॉट डिटेक्टेड' याचा अर्थ, हाकेला ओ आली नाही, एवढाच घ्यावा. ओ न देणारा मेला असेल, त्याच्यापर्यंत हाक पोचली नसेल, म्हणजे केबल सुटली असेल, किंवा हाकच चुकीच्या दारात मारली गेली असेल, म्हणजे सेटिंग बदललं असेल. पुढचं बरंचसं काम हे तीन प्रकार वेगळे करण्याचंच आहे.

आयबीएमने १२ ऑगस्ट १९८१ रोजी आपला पहिला पीसी बाजारात आणला, तेव्हा हे संदेश शब्दांत नव्हते, आकड्यांत होते. सुरुवात दोनने झाली, उदाहरणार्थ २०१, तर मेमरी. ३०१ म्हणजे कीबोर्ड. ६०१ म्हणजे फ्लॉपी. पुढे हार्ड डिस्क आल्यावर १७०१ आला. आकडे वाचायला पुस्तिका लागायची, आणि ती बहुधा कुणीतरी नेलेली असायची. नंतरच्या बायोसमध्ये शब्द आले आणि त्यांतल्या एकाने तर जगभर हसं करून घेतलं: कीबोर्ड सापडत नाही, पुढे जाण्यासाठी एफ-१ दाबा. विनोद म्हणून ठीक आहे, पण त्यात सूचना दडलेली आहे. कीबोर्डची वायर मागून नीट खोच आणि मग एफ-१ दाब, म्हणजे कीबोर्ड लागला की नाही ते तुलाही कळेल आणि मलाही, असं यंत्र म्हणत असतं. वायर घट्ट असूनही हा संदेश आला, तर एखादी कळ दबलेली आहे का पाहावं. टेबलावरच्या फाइलींचा गठ्ठा कीबोर्डच्या कोपऱ्यावर रेललेला असतो, आणि अख्ख्या कार्यालयात ते कुणाच्या लक्षात आलेलं नसतं.

आताच्या यंत्रांत अडचण वेगळीच आहे. संदेश असतात, पण कंपनीच्या मोठ्या लोगोआड दडलेले असतात. लोगो दिसताच एस्केप किंवा टॅब दाबली तर काही यंत्रांत तो बाजूला होतो. नाहीतर बायोसच्या सेटअपमध्ये जाऊन 'फुल स्क्रीन लोगो' आणि 'फास्ट बूट' हे दोन पर्याय तात्पुरते बंद करावेत. सेटअपची कळ बहुतेक असेंबल केलेल्या यंत्रांत डिलीट, कित्येक लॅपटॉपमध्ये एफ-२ आणि एचपीच्या यंत्रांत एफ-१० असते. तरीही ओळ डोळ्यांदेखत पळून जात असेल, तर मोबाइल समोर धरून स्लो मोशनमध्ये व्हिडिओ काढावा आणि मग थांबवत थांबवत वाचावा. वर्षानुवर्षं दुरुस्तीचं काम केलेली माणसंही आता हेच करतात.

विंडोजची एक मेख इथेच सांगितलेली बरी. विंडोज ८ पासून, म्हणजे २०१२ पासून, 'शट डाउन' केल्यावर विंडोज पूर्ण बंद होत नाही. आपला गाभा डिस्कवर जपून ठेवते आणि दुसऱ्या दिवशी तोच उचलते. त्यामुळे नवं काही जोडलं आणि ते दिसलं नाही, तर शट डाउन करून पुन्हा चालू करण्याऐवजी 'रीस्टार्ट' करावं. रीस्टार्टमध्येच विंडोज सगळी तपासणी पहिल्यापासून करते. ऐकायला उलटं वाटतं, पण आहे असं.

स्क्रीन उजळण्याआधीच यंत्र अडकलं, तर ते आवाजाने किंवा दिव्याने बोलतं. एएमआयच्या जुन्या बायोसमध्ये तीन बीप म्हणजे मेमरी आणि आठ म्हणजे डिस्प्ले. अवॉर्डच्या बायोसमध्ये एक लांब आणि दोन आखूड म्हणजे डिस्प्ले. हे तक्ते पाठ करण्यात काही हशील नाही, कारण कंपनीगणिक ते बदलतात. बीप मोजून, लांब-आखूड क्रम लिहून ठेवावा आणि त्या मॉडेलच्या पुस्तिकेत पाहावा. हल्लीच्या कित्येक कॅबिनेटमध्ये बीप वाजवणारा छोटा स्पीकरच नसतो, तेव्हा शांतता म्हणजे सगळं ठीक असंही समजू नये. त्याऐवजी नव्या बोर्डांच्या कडेला चार बारीक दिवे असतात, त्यांच्याजवळ सीपीयू, डीरॅम, व्हीजीए आणि बूट असं छापलेलं असतं. जो दिवा पेटून राहतो, तिथे गाडी अडलेली. डेलच्या अलीकडच्या बऱ्याच लॅपटॉपमध्ये एकच दिवा आधी पिवळसर आणि मग पांढरा लुकलुकतो. दोन पिवळे, तीन पांढरे म्हणजे मेमरी सापडत नाही; दोन पिवळे, एक पांढरा म्हणजे प्रोसेसर.

लॅमिंग्टन रोडवर किंवा पुण्याच्या तापकीर गल्लीत 'पोस्ट कार्ड' मागितलं तर दुकानदार टपाल कचेरीचा रस्ता दाखवणार नाही. बोर्डाच्या स्लॉटमध्ये खोचायचं हे एक छोटं कार्ड असतं आणि त्यावर दोन आकडी खूण उमटते. बायोस तपासणीची प्रत्येक पायरी ८० क्रमांकाच्या पोर्टवर नोंदवत जातो, ती नोंद हे कार्ड दाखवतं. महागड्या बोर्डांवर हा दोन आकडी डिस्प्ले आधीच बसवलेला असतो. आकडा जिथे गोठला, ती पायरी पुस्तिकेत शोधायची. घरी एकच यंत्र असेल, तर हे विकत घेण्याची गरज नाही.

मेमरीचा दिवा किंवा बीप आला, की खोडरबर बाहेर पडतो. हा देशी उपाय लागू पडतो, यात शंका नाही. पट्टीच्या सोनेरी दातांवर मळाचा थर बसतो, पावसाळ्यात दमट हवेने तो आणखी चिकट होतो, आणि खोडरबर तो काढतो. मात्र तो पेन्सिलीचा मऊ खोडरबर हवा. शाई खोडायचा खरखरीत रबर दातांवरचा पातळ मुलामाच खरवडून काढतो, आणि मग खालचा धातू आणखी लवकर काळवंडतो. खरं तर आयसोप्रोपिल अल्कोहोल आणि सुती कापड हा त्याहून चांगला मार्ग, पण दुकानातली सवय काही जाणार नाही. आधी प्लग भिंतीतून काढावा, पॉवरचं बटण दहा सेकंद दाबून धरावं, कॅबिनेटच्या उघड्या पत्र्याला हात लावावा आणि मगच मेमरीला. परत बसवताना कडेची खिट्टी 'टक' असा आवाज करून मिटली पाहिजे. दोन पट्ट्या असतील तर एकेक लावून पाहावी, म्हणजे दोष पट्टीत आहे की स्लॉटमध्ये, ते पाच मिनिटांत कळतं.

डीडीआर-५ मेमरीचं नवं यंत्र पहिल्यांदा चालू केल्यावर स्क्रीन काही मिनिटं काळी राहू शकते. बोर्ड त्या वेळी मेमरीशी वेग आणि वेळ जुळवून घेत असतो. या काळात घाबरून पॉवर बंद केली, की हे काम पहिल्यापासून सुरू होतं. चहा ठेवावा आणि वाट पाहावी.

मेमरी सापडली, पण कमी सापडली, अशीही तक्रार असते. ८ जीबी टाकली आणि ४ दिसते, तर एक पट्टी नीट बसलेली नाही. ८ पैकी थोडी कमी वापरता येते असं विंडोज सांगत असेल, तर उरलेला वाटा बोर्डावरच्या डिस्प्लेने घेतलेला असतो, त्यात फसवणूक नाही. ४ पैकी सव्वातीनच वापरता येत असेल, तर विंडोज ३२ बिटची आहे का पाहावं. वेगाचंही तसंच. ३२०० ची पट्टी घेतली आणि बायोस २४०० किंवा २६६६ सांगतो, म्हणून ग्राहक दुकानदाराशी भांडायला जातात. बोर्ड सुरुवातीला सुरक्षित, ठरावीक वेगानेच मेमरी चालवतो. वरचा वेग सेटअपमध्ये 'एक्सएमपी' हा पर्याय चालू केल्यावर मिळतो. काही प्रोग्रॅम तर निम्माच आकडा दाखवतात, कारण ते घड्याळाचे ठोके मोजतात आणि डीडीआर मेमरी एका ठोक्यात दोनदा माहिती हलवते. अशा भांडणात ग्राहकाची बाजू फार लंगडी पडते.

सगळ्यांत जास्त गैरसमज ज्या संदेशाबद्दल होतात, तो मात्र निराळाच आहे: 'सीमॉस चेकसम एरर, डिफॉल्ट्स लोडेड.' डेलच्या जुन्या यंत्रांत तो 'टाइम-ऑफ-डे नॉट सेट' या शब्दांत येतो. अर्थ एकच, बोर्डावरचा रुपयाएवढा दिसणारा गोल सेल संपत आला आहे. सीआर २०३२, तीन व्होल्टचा, २० मिलिमीटर व्यासाचा. घड्याळाच्या दुकानात मिळतो, किंमत दोघांच्या चहा-नाश्त्याहून कमी. यंत्र बंद असताना घड्याळ चालू ठेवणं, आणि बऱ्याच बोर्डांत सेटअपमधली निवडही जपणं, हे त्याचं काम. प्लग भिंतीत आणि खटका चालू असेल तर हे काम भिंतीतली वीज करते, आणि सेल वर्षानुवर्षं टिकतो. आपल्याकडे रात्री खटका बंद करण्याची चांगली सवय आहे, शिवाय वीज जाते ती वेगळीच. त्यामुळे सेलवर भार पडतो.

सेल संपला की काय काय होतं, ते पाहण्यासारखं आहे. तारीख काही वर्षं मागे जाते. ती मागे गेली की बँकेची वेबसाइट उघडत नाही, 'तुमचं कनेक्शन खासगी नाही' असं ब्राउझर बजावतो, कारण वेबसाइटचं प्रमाणपत्र त्याच्या मते अजून जारीच झालेलं नसतं. माणूस इंटरनेटवाल्याला फोन करतो. इंटरनेटवाला राउटर बदलतो. काही फरक पडत नाही. दरम्यान 'डिफॉल्ट्स लोडेड' या दोन शब्दांनी आणखी एक काम केलेलं असतं: सेटअपमधली सगळी निवड कारखान्यातल्या मूळ स्थितीला गेलेली असते. डिस्कशी बोलण्याची पद्धत विंडोज टाकताना एएचसीआय होती, आता ती आयडीई किंवा रेड झाली. विंडोज सुरू होताना आपली डिस्क तिला ओळखता येत नाही आणि निळ्या पडद्यावर 'इनअ‍ॅक्सेसिबल बूट डिव्हाइस' येतं. किंवा बूट करण्याची रीत यूईएफआय होती ती जुन्या लेगसीवर गेली आणि 'नो बूटेबल डिव्हाइस' आलं. आता समोरचा दुरुस्तीवाला म्हणतो, हार्ड डिस्क गेली. नवी डिस्क येते, नवी विंडोज पडते, जुन्या फोटोंवर पाणी सोडलं जातं. हे सगळं एका सेलपायी, आणि मूळ सेल तसाच बोर्डावर बसलेला.

म्हणून डिस्क सापडत नाही किंवा बूट होत नाही असं दिसलं, की आधी सेटअपमधली तारीख पाहावी. ती चुकली असेल, तर प्रश्न बहुधा डिस्कचा नाही. नवा सेल घालावा, तारीख लावावी, आणि डिस्कची पद्धत व बूटची रीत पूर्वी होती ती लावावी. पूर्वी काय होतं हे कुणालाच आठवत नसतं, म्हणून यंत्र धडधाकट असतानाच सेटअपच्या प्रत्येक पानाचा मोबाइलवर फोटो काढून ठेवावा. आणि सेटअपला हात लावण्याआधी डिस्कवर बिटलॉकरचं कुलूप आहे का, ते बघून घ्यावं. असेल तर ४८ आकडी रिकव्हरी की हाताशी हवी. बायोसमधले बदल पाहून बिटलॉकरला संशय येतो आणि तो हीच की मागत बसतो. एएमडीच्या बोर्डांवर प्रोसेसर बदलल्यावर किंवा बायोस अद्ययावत केल्यावर एफटीपीएमबद्दल, म्हणजे बिटलॉकरची किल्ली जपणाऱ्या प्रोसेसरमधल्या कप्प्याबद्दल, विचारणा होते, वाय दाबा की एन. की सापडलेली नसेल, तर वाय दाबण्याची घाई करू नये.

'रीबूट अँड सिलेक्ट प्रॉपर बूट डिव्हाइस' या संदेशाचं एक अगदी साधं कारण राहिलंच: मागे विसरलेला पेन ड्राइव्ह. फ्लॉपीच्या काळात फ्लॉपी विसरायची, आता पेन ड्राइव्ह विसरतो. आधी तो काढावा.

कार्यालयांतल्या जुन्या यंत्रांत आणखी एक प्रकार भेटतो. 'सेकंडरी ड्राइव्ह ० नॉट फाउंड', आणि खाली एफ-१ दाबण्याची विनंती. कुणीतरी बिघडलेला डीव्हीडी ड्राइव्ह काढून टाकलेला असतो, पण सेटअपमध्ये त्या जागी ड्राइव्ह आहे अशीच नोंद असते. यंत्र ती नोंद पाहतं, हाक मारतं आणि ओ येत नाही म्हणून कळवतं. शिपाई रोज सकाळी एफ-१ दाबतो, पुढे बदली होऊन दुसरा शिपाई येतो, तोही दाबतो. सेटअपमध्ये ते एक पोर्ट 'ऑफ' केलं की संदेश जातो.

डिस्कच्या बाबतीत एक गोष्ट ध्यानात घ्यावी लागते. स्क्रीनवर दिसणारं डिस्कचं नाव आणि आकार हे बायोसने मोजलेलं नसतं, डिस्कने स्वतः सांगितलेलं असतं. जणू तिची जबानीच. ५०० जीबीची डिस्क विंडोजमध्ये ४६५ दिसते आणि १ टीबीची ९३१, ते मोजण्याच्या दोन पद्धतींमुळे; त्यात काळजीचं काही नाही. पण जबानीच विचित्र असेल, तर ती काळजीपूर्वक वाचावी. फायसन कंपनीचा एक कंट्रोलर वापरणाऱ्या स्वस्त एसएसडी बिघडल्या, की आपलं नाव विसरतात आणि 'सॅटाफर्म एस ११' असं सांगू लागतात. या नावाची डिस्क कुणी बनवत नाही. ते कंट्रोलरचं आतलं नाव आहे. डिस्क सापडली म्हणून हुरळून जाऊन ती फॉरमॅट केली, की तज्ज्ञाकडून माहिती परत मिळण्याची आशाही संपते.

इंटेलच्या ३२० मालिकेतल्या एसएसडींनी २०११ मध्ये असाच घोळ घातला होता. अचानक वीज गेल्यावर त्यांतल्या काही डिस्क आपला आकार ८ एमबी सांगू लागल्या. शेकडो जीबीची डिस्क, आणि सांगते आठ एमबी. कंपनीने दोष मान्य केला, फर्मवेअर सुधारून दिलं, पण अडकलेल्या डिस्कवरची माहिती साध्या उपायाने परत येत नव्हती. याच्या उलट उदाहरण सीगेटच्या बाराकुडा ७२००.११ या हार्ड डिस्कचं. जानेवारी २००९ मध्ये या डिस्क अचानक बायोसला दिसेनाशा झाल्या. लोकांनी आशा सोडली. पण दोष फर्मवेअरमध्ये होता आणि माहिती तबकडीवर जशीच्या तशी होती, हे कंपनीनेच सांगितलं. पहिल्या प्रकरणात डिस्क हजर होती आणि माहिती हाताबाहेर गेलेली, दुसऱ्यात डिस्क गैरहजर आणि माहिती शाबूत.

तिसरं प्रकरण बोर्डाचं. ३१ जानेवारी २०११ रोजी इंटेलने आपल्या सहाव्या मालिकेच्या चिपसेटमध्ये दोष असल्याचं जाहीर केलं. बोर्डावरच्या, डिस्क जोडायच्या सहा साटा पोर्टांपैकी ३ गिगाबिटची चार पोर्टं काळाच्या ओघात क्षीण होत जाणार होती. ६ गिगाबिटची दोन ठणठणीत होती. बदलून देण्याचा खर्च कंपनीने ७० कोटी डॉलर धरला. डिस्क दिसेनाशी झाली तर तीच केबल दुसऱ्या पोर्टात खोचून पाहावी, असं अनुभवी लोक का सांगतात, त्याचं यापेक्षा महागडं स्पष्टीकरण मिळणार नाही. मग दुसरी केबल, मग दुसरी पॉवर पिन, मग दुसरं यंत्र. या चारही ठिकाणी ओ आली नाही, तरच डिस्क गेली म्हणावं.

बायोसमध्ये डिस्क दिसते, पण विंडोजच्या 'धिस पीसी'मध्ये (पूर्वीच्या 'माय कॉम्प्युटर'मध्ये) नाही, असं झालं तर हार्डवेअर शोधण्याचं काम नीट झालेलं आहे. 'डिस्क मॅनेजमेंट' उघडावं. नवी कोरी डिस्क असेल तर 'इनिशियलाइज' करायला विचारतं, ते खुशाल करावं. माहिती असलेल्या जुन्या डिस्कबद्दल हाच प्रश्न आला, तर 'कॅन्सल' दाबून हात मागे घ्यावा.

'स्मार्ट स्टेटस बॅड, बॅकअप अँड रिप्लेस' हा संदेश मात्र वादाला जागा ठेवत नाही. स्मार्ट ही डिस्कची स्वतःवरची पाळत, म्हणजे डिस्क स्वतःच म्हणते आहे की तिचं खरं नाही. एफ-१ दाबून यंत्र चालू होतं, आणि लोक महिनोन्महिने एफ-१ दाबत राहतात. त्या दिवशी दुसरं कुठलंही काम न करता माहिती उतरवून घ्यावी. गूगलने आपल्या एक लाखाहून जास्त डिस्कचा अभ्यास २००७ मध्ये प्रसिद्ध केला. डिस्कने स्वतःच्या तपासणीत पहिली चूक नोंदवली, की पुढच्या ६० दिवसांत ती बंद पडण्याची शक्यता चूक नसलेल्या डिस्कच्या ३९ पट होते, असं त्यात आढळलं. पण त्याच अभ्यासातला दुसरा आकडा जास्त झोप उडवणारा आहे. बंद पडलेल्या डिस्कपैकी ५६ टक्क्यांहून जास्त डिस्कनी स्मार्टच्या चार मुख्य लक्षणांपैकी एकही दाखवलेलं नव्हतं. तेव्हा 'स्मार्ट ओके' वाचून निर्धास्त होऊ नये. स्मार्टचा तपशील पाहता आला, तर ५ आणि १९७ क्रमांकांचे आकडे डिस्कच्या पृष्ठभागाबद्दल बोलतात. १९९ क्रमांकाचा आकडा वाढत असेल, तर डिस्कआधी केबल बदलावी, कारण तो डिस्क आणि बोर्ड यांच्या मधल्या वाटेवर झालेल्या चुका मोजतो.

विंडोज सुरू झाल्यावर उरलेली हजेरी 'डिव्हाइस मॅनेजर'मध्ये लागते. तिथे पिवळं चिन्ह आणि 'अननोन डिव्हाइस' दिसलं, की लोक ड्रायव्हरचे फुकट गठ्ठे उतरवायला धावतात आणि त्यांच्याबरोबर नको ते पाहुणे घरात घेतात. त्याऐवजी त्या नावावर दोनदा क्लिक करून कोड पाहावा. २८ म्हणजे ड्रायव्हर टाकलेला नाही, एवढंच. १० म्हणजे ड्रायव्हर आहे, पण वस्तू सुरू होत नाही. ४३ म्हणजे वस्तूने स्वतःच बिघाड कळवला, किंवा यूएसबी असेल तर ओळखपरेडीतच गडबडली. मग 'डीटेल्स'मध्ये 'हार्डवेअर आयडी' निवडावा. त्यात व्हीईएननंतर चार आणि डीईव्हीनंतर चार अक्षर-आकडे असतात; पहिले चार बनवणाऱ्याचे, दुसरे चार वस्तूचे. इंटेलने आपल्यासाठी ८०८६ हाच क्रमांक घेतला, १९७८ च्या आपल्या गाजलेल्या प्रोसेसरच्या नावाचा. १०ईसी म्हणजे रिअलटेक, १०डीई म्हणजे एनव्हिडिया. ही आठ चिन्हं इंटरनेटवर शोधली, की अनोळखी वस्तूचं नाव-गाव कळतं आणि ड्रायव्हर बनवणाऱ्याच्याच वेबसाइटवरून घेता येतो.

हे सगळं लपवून न ठेवणारी व्यवस्था हवी असेल, तर लिनक्स. पेन ड्राइव्हवरून चालणारं कुठलंही लिनक्स चालेल. डिस्कला हात न लावता ते सुरू होतं. टर्मिनलमध्ये आधी सुडो आणि मग डी, एम, ई, एस, जी ही पाच इंग्रजी अक्षरं टाइप केली, की सुरुवातीपासूनचे सगळे संदेश ओळीने समोर येतात. पहिल्यांदा पाहणाऱ्याला धडकी भरते, कारण 'एरर' आणि 'फेल्ड' हे शब्द धडधाकट यंत्रातही विखुरलेले असतात. 'एसीपीआय बायोस एरर' अशी लालभडक ओळ बहुतेक वेळा बोर्ड बनवणाऱ्याच्या निष्काळजीपणाची खूण असते, तिने काही अडत नाही. 'साटा लिंक डाउन' म्हणजे बहुधा त्या पोर्टाला काही जोडलेलंच नाही. त्याउलट 'एमसीई: हार्डवेअर एरर' ही ओळ आली, तर प्रोसेसर किंवा मेमरीकडे गांभीर्याने पाहावं. आणि 'आय-ओ एरर' या शब्दांपुढे डिस्कचं नाव व सेक्टरचा क्रमांक असेल, तर वरचा स्मार्टचा परिच्छेद पुन्हा वाचावा.

प्रत्येक ओळीच्या सुरुवातीला चौकटी कंसात सेकंद असतात. शब्द कळले नाहीत तरी हे आकडे वाचता येतात. दोन ओळींमध्ये एकदम तीस सेकंदांची उडी दिसली, तर यंत्र तिथे कुणाच्या तरी उत्तराची वाट पाहत थांबलं होतं. त्या उडीच्या आगेमागे ज्याचं नाव, तो संशयित. चालू व्हायला फार वेळ लागतो, या तक्रारीवर याहून झटपट उपाय नाही.

ओळीच्या शेवटी उणे चिन्हाचा आकडा असेल, तर त्यालाही अर्थ असतो. उणे २ म्हणजे हवी ती फाइल नाही. वायफायच्या कार्डाबाबत हा आला, तर कार्ड शाबूत आहे, फक्त त्याची फर्मवेअर फाइल टाकायची आहे. उणे ११० म्हणजे वाट पाहून थकलो. उणे ७१ म्हणजे बोलणं झालं, पण भाषा फाटली. यूएसबीवर हा आकडा दिसला की दहांत नऊ वेळा केबल, सैल पोर्ट किंवा अपुरी वीज यांपैकी काहीतरी निघतं.

यूएसबीच्या ओळीतला एक शब्द भल्याभल्यांना फसवतो. नवी बाहेरची डिस्क लावली, संदेश आला 'न्यू हाय-स्पीड यूएसबी डिव्हाइस', आणि मालक खूश. पण 'हाय-स्पीड' हे यूएसबी २ च्या वेगाचं अधिकृत नाव आहे, सेकंदाला ४८० मेगाबिट. यूएसबी ३ चा वेग हवा असेल तर तिथे 'सुपरस्पीड' लिहून यायला हवं, ५ गिगाबिट किंवा वर. निळ्या तोंडाच्या पोर्टात खोचूनही 'हाय-स्पीड'च येत असेल, तर केबल जुनी आहे किंवा ती पूर्ण आत गेलेली नाही. आधी ती काढून घट्ट बसवून पाहावी. नाहीच झालं, तर कॅबिनेटच्या पुढच्या पोर्टाऐवजी मागचं पोर्ट वापरावं. पुढचं पोर्ट आतल्या बारीक वायरीने बोर्डापर्यंत पोचलेलं असतं, आणि ती वायर कुणी, कधी आणि कशी खोचली होती, हे कॅबिनेट उघडल्याशिवाय कळत नाही.